कुळाची गोष्ट टिपताना: मायक्रोनेशियातल्या उगमकथांचं काम कोणत्या क्रमाने करावं

प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया या बेटांच्या प्रदेशातल्या कुळांच्या उगमकथा टिपून आणलेल्या वह्या आणि ध्वनिमुद्रणं माझ्याकडे तपासायला येतात. आवाज स्वच्छ असतो, टंकलेखन नीट असतं, आणि तरी गोष्ट हाती लागलेली नसते. कारण बहुतेक वेळा एकच. रेकॉर्डर पहिल्या दिवशी पिशवीतून बाहेर येतो आणि 'ही गोष्ट कुणाची?' हा प्रश्न घरी परतल्यावर पडतो.

खालचा क्रम मी मुख्यतः पोनपेई बेट डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. चुउक आणि याप या तिथल्याच दुसऱ्या बेटांवर जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे. ध्वनिमुद्रण पाचव्या टप्प्यावर आहे. ते वर ओढू नका.

टप्पा १: गोष्ट कोणत्या कुळाची, ते आधी पक्कं करा

पोनपेईत कूळ आईकडून येतं. एकाच कुळात लग्न होत नाही, त्यामुळे बाप नेहमी दुसऱ्या कुळाचा. कुळाची गोष्ट मुलाकडे येते ती आईच्या माणसांकडून, आणि त्यात मामाचा वाटा मोठा. हे आपल्याला वाचून माहीत असतं, पण तोंडाला सवय वेगळी असते. समोर तरुण मुलगा बसला की 'वडील कोण, घराणं कुठलं' हेच निघतं. मग तो वडिलांना बोलावतो, वडील मनापासून दोन तास सांगतात, आणि तुम्ही बापाच्या कुळाची गोष्ट मुलाच्या कुळाच्या नावाखाली लिहून आणता. माझ्याकडे येणाऱ्या कामात ही चूक सगळ्यात जास्त असते.

दुसरी चूक देवकाच्या आडून शिरते. पोनपेईच्या लासियालाप कुळाचं नातं वाम माशाशी आहे. त्या कुळाची माणसं वाम खात नाहीत. वाचल्याबरोबर आपण म्हणतो, 'म्हणजे आपलं देवक.' समजून घ्यायला हे ठीक. पण देवक आपल्याकडे बापाकडून चालत येतं, आणि तुलनेबरोबर तो हिशोबही गुपचूप आत येतो. त्यामुळे तुलना टिपणात ठेवा, प्रश्नावलीत आणू नका.

चुउकमध्ये कुळाला एइनांग म्हणतात, तेही आईकडूनच. यापला दोन धागे आहेत. घर-जमिनीची ताबिनाव ही व्यवस्था बापाकडून चालते आणि गेनुंग म्हणजे कूळ आईकडून. त्यामुळे यापमध्ये जमिनीची गोष्ट आणि गेनुंगची गोष्ट एकाच माणसाने सांगितली तरी त्या दोन वेगळ्या नोंदी करा.

*तपासणी:* वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी हव्यात. सांगणाऱ्याचं कूळ. त्याच्या आईचं गाव. गोष्ट ज्या कुळाची आहे ते कूळ. आणि या दोन कुळांचं आपसातलं नातं. चौथी ओळ कोरी असेल तर पुढे जाऊ नका. सांगणारा दुसऱ्या कुळाचा असला तर नोंद फेकू नका, फक्त 'ऐकीव' असं ठळक लिहा.

टप्पा २: परवानगी, वरून खाली आणि पाच वेगवेगळ्या प्रश्नांत

मायक्रोनेशियाच्या संघराज्यात याप, चुउक, पोनपेई आणि कोस्राय ही चार राज्यं. प्रत्येक राज्यात ऐतिहासिक वारसा जपणारं सरकारी कार्यालय आहे. तिथून सुरुवात करा, पण तिथला कागद म्हणजे काम झालं असं समजू नका. पोनपेईत मादोलेनीम, ऊ, किती, सोकेस आणि नेत असे पाच पारंपरिक मुलूख आहेत. प्रत्येकाचा सर्वोच्च प्रमुख नान्म्वार्की, आणि त्याच्या जोडीला नानकेन. त्यांच्या कानावर घालून मग गावच्या प्रमुखाकडे, आणि शेवटी कुळातल्या ज्येष्ठाकडे जायचं. यापच्या मुख्य बेटांसाठी पिलुंग परिषद आणि बाहेरच्या बेटांसाठी तामोल परिषद, अशा प्रमुखांच्या दोन परिषदा आहेत. बाहेरच्या बेटावर जायचं तर तामोल परिषदेला वगळून होडीत बसू नका. यापच्या गावातून चालताना हातात एखादं हिरवं पान धरावं. आपण भांडायला आलेलो नाही, हे त्यातून कळतं.

वरच्या 'हो'ने खालचा माणूस बांधला जात नाही. प्रमुखाने होकार दिला म्हणून कुळातली म्हातारी बोलेलच असं नाही, आणि तिने न बोलणं हे उत्तरच आहे. 'आज नको, पुढे बघू' असं तीनदा ऐकलंत की तो नकार समजा आणि पुन्हा विचारू नका.

पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारा: ऐकू का? आवाज घेऊ का? लिहून काढू का? दुसऱ्या भाषेत नेऊ का? बाहेरच्या लोकांना दाखवू का? पहिल्याला हो मिळालं म्हणून पाचवं गृहीत धरणं, ही चूक नंतर निस्तरता येत नाही.

रिकाम्या हाताने जाऊ नये. काय न्यायचं ते त्या घरच्या ओळखीच्या माणसाला विचारा. कोनफळ, साकावचं झाड (याच्या मुळांपासून मानाचं गुंगी आणणारं पेय करतात), तांदळाचं पोतं, त्या त्या प्रसंगाला जे शोभेल ते. पाकीट काढून नोटा समोर ठेवू नका. रविवार चर्चचा असतो, त्या दिवशी जाऊ नका.

टप्पा ३: वाचून जा, पण वाचलेलं तिथे बोलू नका

पोनपेईच्या लुएलेन बर्नार्ट यांनी १९३४ ते १९४६ या काळात आपल्या बेटाच्या परंपरा स्वतःच्या भाषेत लिहिल्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर १९७७ साली छापून आलं. त्याआधी १९०८ ते १९१० मध्ये जर्मनांची दक्षिण समुद्र मोहीम येऊन गेली आणि पॉल हाम्ब्रुख यांनी पोनपेईच्या पुष्कळ कथा उतरवून घेतल्या. दोन्ही वाचा. कोणती जागा, कोणतं नाव, कोणता मासा पुन्हा पुन्हा येतो ते टिपा.

इथे शुद्धलेखनाचा सापळा आहे. आजच्या पोनपेईयन लिखाणातलं रोमन 'डी' हे अक्षर आपल्या 'त'च्या जवळ उच्चारलं जातं. म्हणून पोनपेईच्या किनाऱ्यावरच्या जुन्या दगडी नगरीचं नाव आज नान मादोल लिहितात ते जुन्या कागदांत नान मातोल दिसतं, आणि मादोलेनीम हे मातालानिमसारखं. एका विद्यार्थ्याने यातून दोन गावं केली होती आणि दोघांमधलं अंतर शोधत होता. दुसरं, स्वरानंतरचं रोमन 'एच' म्हणजे स्वर लांबवायचा. देवनागरीत आपण इ-ई आणि उ-ऊ वेगळे दाखवतो, पण ए आणि ओ लांब आहेत की आखूड हे दाखवायची सोय नाही. थेट देवनागरीत टिपलंत तर ती लांबी कायमची गेली. आधी रोमन, तिथल्या आजच्या शुद्धलेखनात. देवनागरी नंतर, वाचकासाठी.

सोकेसला जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. १९१० साली तिथे जर्मन सत्तेविरुद्ध उठाव झाला. १९११ मध्ये पंधरा जणांना गोळ्या घातल्या, बाकीच्यांना पलाउला हद्दपार केलं, आणि त्यांच्या जमिनी बाहेरच्या बेटांवरच्या लोकांना दिल्या. त्यामुळे आज सोकेसमध्ये राहतो तो माणूस सोकेसच्या जुन्या कुळाचाच असेल, असं मुळीच धरू नका. टप्पा एकची चौथी ओळ इथे दोनदा तपासा.

*सावधान:* 'पण पुस्तकात तर असं आहे' हे वाक्य सांगणाऱ्यासमोर कधीही उच्चारू नका. त्यानंतर एक तर तो पुस्तकातलंच तुम्हाला परत सांगतो, किंवा थांबतो.

टप्पा ४: पहिली बैठक यंत्राविना

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून यावर जरा थांबतो.

पोनपेईत एक म्हण आहे: 'पोनपेई सोते एहू'. पोनपेई एक नाही. प्रत्येक मुलखाची, प्रत्येक कुळाची, कधी एकाच कुळाच्या दोन शाखांचीही गोष्ट वेगळी, आणि हे तिथे सगळ्यांना मान्य असतं. त्याच्या जोडीला कानेंगामा हा गुण आहे: मनातलं राखून ठेवणं, सगळं उघड न करणं. कुळाच्या ज्ञानात बळ असतं. सगळं सांगून टाकणाऱ्याचं ते बळ ओसरतं, आयुष्य घटतं, असं मानतात. म्हणून जाणता माणूस गोष्ट सांगताना एखादा तुकडा मागे ठेवतो, एखादं नाव फिरवतो. कधी ऐकणारा कितपत जाणतो ते पाहण्यासाठी मुद्दाम चुकीचं सांगतो.

मी पहिल्यांदा असा बसलो तेव्हा मला यातलं काहीच उमगलं नव्हतं. नास म्हणजे तिन्ही बाजूंनी उंच ओटा असलेलं बैठकीचं मोठं घर. मधल्या सपाट दगडावर चौघे साकावची मुळं कुटत होते आणि त्या दगडाचा घंटेसारखा आवाज सगळीकडे भरला होता. कुटलेलं मूळ जास्वंदीच्या कुळातल्या एका झाडाच्या ओल्या, बुळबुळीत सालीत गुंडाळून पिळलं गेलं आणि करवंटी मानाच्या क्रमाने फिरली. आजोबांनी गोष्ट सुरू केली. होडी निघाली, पाणी ओलांडलं, आणि वाम मासा नदीत शिरला तिथे ते थांबले. मला वाटलं दम लागला. मी विचारलं, 'पुढे?' त्यांनी करवंटी खाली ठेवली आणि पावसाबद्दल बोलू लागले. पुढची गोष्ट मला त्या फेरीत मिळाली नाही. 'पुढे?' हा शब्द मी त्यानंतर कुणाहीसमोर वापरलेला नाही.

तर पहिल्या बैठकीत करायचं ते एवढंच. ज्या जागी बसवतील तिथे बसा. मानाच्या माणसांशी बोलताना तिथे मेइंग ही वेगळी आदराची बोली वापरतात. ती पाठ करून अर्धवट बोलण्यापेक्षा सोबतच्या स्थानिक सहकाऱ्याला तुमच्या वतीने बोलू द्या. वही मांडीवर मिटलेली. गोष्ट थांबली की तुम्हीही थांबा. ती कुठे थांबली तेवढं लक्षात ठेवा, कारण तिथेच कुळाची हद्द आहे आणि नोंदीतली सर्वांत मोलाची माहिती तीच.

*तपासणी:* घरी आल्यावर त्याच रात्री लिहा: कोण कोण बसलं होतं, गोष्ट कुठे थांबली, थांबली तेव्हा कोण आत आलं होतं. पाद्री किंवा दुसऱ्या कुळाचा माणूस आत आला की गोष्ट वळण घेते. ते वळण 'चूक' म्हणून नंतर दुरुस्त करायचं नसतं.

टप्पा ५: आता ध्वनिमुद्रण

पोनपेई हे जगातल्या अति पावसाच्या ठिकाणांपैकी एक. पत्र्याच्या छपरावर सर आली की अर्धी गोष्ट गेली. जागा निवडताना छप्पर आधी बघा. झावळ्यांचं असेल तर उत्तम. साकाव कुटला जात असताना मुद्रण करू नका, कुटणं संपेपर्यंत थांबा. कोंबड्यांना इलाज नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, एक वाहिनी. तासाला साधारण ५२० एमबी लागतात, दिवसभराला एक छोटं कार्ड पुरतं. यंत्र रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत. बॅटऱ्या दुप्पट घ्या. बाहेरच्या बेटावर दुकान असेलच असं नाही.

सुरुवातीला सांगणाऱ्याच्या आवाजात त्याचं नाव, कूळ, जागा, आणि त्याने कशाला होकार दिला आहे ते घ्या. लगेच ऐकवा. 'हे पुसा' म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा, गुपचूप दुसरी प्रत ठेवून नव्हे.

व्हिडिओचा हट्ट धरू नका. कॅमेऱ्यापुढे माणसं सणाच्या भाषणासारखी बोलतात.

टप्पा ६: गोष्टीतल्या जागा पायाने बघा

पोनपेईच्या उगमकथेत साप्किनीच्या होडीला समुद्रात लिदाकिका नावाची ऑक्टोपस भेटते आणि खडकाची उथळ जागा सांगते. तिथे दगडी वेदी रचतात, वेदीवर बेट. पोन म्हणजे वर, पेई म्हणजे दगडी वेदी. बेटाचं नाव हीच गोष्ट. लाटांपासून राखायला भोवती खडकांची कड आणि तिवरांची झाडी येते. कागदावर ही चार वाक्यं आहेत. ओहोटीला सांगणाऱ्याबरोबर त्या कडेवरून चाललात तर प्रत्येक खडकाला नाव निघतं, आणि त्या नावांवरून घरात बसून न आठवलेले तुकडे बाहेर येतात.

म्हणून प्रत्येक गोष्टीमागे निदान एक फेरी. ओहोटीची वेळ सांगणाऱ्यालाच विचारा. जागेचं नाव त्याच्या तोंडून मुद्रित करा. नकाशावर खूण करण्याआधी विचारा, कारण काही जागा कुळाबाहेरच्यांनी जाण्याच्या नसतात. नान मादोल २०१६ पासून जागतिक वारसा यादीत असलं तरी तिथे पाय ठेवायचा तर जमिनीच्या हक्कदारांची परवानगी हवीच.

टप्पा ७: लिहून काढणं, आणि पाठ एकत्र न शिजवणं

एका तासाच्या आवाजाला आठ-दहा तास धरा. मूळ भाषेतलं लिखाण त्या भाषेच्या माणसानेच करावं, आणि नोंदीत त्याचं श्रेय तुमच्या बरोबरीने यावं.

आता ती चूक, जी हुशार विद्यार्थी जास्त करतात. तीन पाठ, म्हणजे एकाच कथेची तीन रूपं, मिळाले की ते त्यांतलं उत्तम उत्तम निवडून एक 'संपूर्ण' कथा तयार करतात. इसोकेलेकेलचं उदाहरण घ्या. तो ३३३ माणसं घेऊन कातौहून आला आणि त्याने पोनपेईवर राज्य करणारी साउदेलेउर राजवट मोडली, हे बहुतेक ठिकाणी सारखं. पण कातौ कुठे? कुणी म्हणतं कोस्राय, कुणी म्हणतं वर, आभाळाच्या बाजूला. चुउकच्या कथांतही कुळांचे पूर्वज काचावहून येतात, आणि तेही नकाशावर सहज बोट ठेवण्यासारखं गाव नाही. संपादक कातौपुढे कंसात 'कोस्राय' लिहितो आणि एका फटक्यात दुसऱ्या कुळाचं आभाळ खोडतो.

याच कथेत सारांश करणाऱ्यांच्या हातून आणखी एक धागा निसटतो. इसोकेलेकेल हा मेघगर्जनेच्या नानसाप्वे या देवाचा मुलगा, हे सगळे आवर्जून लिहितात. आई दिप्विनपान्मेई, म्हणजे 'नीरफणसाखालचं' कूळ, हे गाळतात. बाप देव असला तरी कूळ आईचंच, आणि मादोलेनीमच्या गादीवरचा हक्क त्यावरच उभा. आईचं नाव गाळलेली इसोकेलेकेलची कथा ही कुळकथा राहत नाही, राजाची गोष्ट होते.

प्रत्येक पाठ वेगळ्या कागदावर, वेगळ्या क्रमांकाने. फरक समासात. कोणता 'खरा' हे लिहू नका.

*सावधान:* 'इथे कथा अपूर्ण आहे' असा शेरा नको. 'सांगणारे इथे थांबले' असं लिहा.

टप्पा ८: परत वाचून दाखवा, आणि काय बंद ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या

लिहून झालेलं सांगणाऱ्याला त्याच्याच भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. कागद हातात देऊन 'बघून ठेवा' म्हणणं पुरत नाही. वाचताना तीन रंग वापरा: सगळ्यांसाठी, फक्त कुळासाठी, आणि कुणासाठीच नाही. तिसऱ्या रंगाचा भाग तुमच्या संगणकावरही राहू नये. चुउकमध्ये इतांग या जाणकारांची गूढ वाणी असते. तो भाग कळला नाही तर अंदाजाने अर्थ लावू नका, आणि रंग त्यांना विचारूनच ठरवा.

हा टप्पा घाईत उरकला की तंटे उभे राहतात. कोण आधी आलं यावर जमीन आणि मान ठरतो. छापलेलं एक वाक्य दोन घरांमध्ये वर्षानुवर्षं अबोला आणू शकतं.

प्रती दोन ठिकाणी ठेवा, एक कुळाच्या घरी, एक राज्याच्या वारसा कार्यालयात, कुळाने मान्य केलं तर. वादळात एकच जागा गेली तरी दुसरी उरते.

टप्पा ९: गोष्ट पुन्हा तोंडात घाला

फाइल कपाटात गेली म्हणजे काम निम्मं झालं. १९८६ पासूनच्या करारामुळे संघराज्याचे नागरिक अमेरिकेत राहून काम करू शकतात. कितीतरी घरं ग्वाम, हवाई आणि पुढे मुख्य भूमीवर गेली. मामा बेटावर आणि भाचा परदेशात, अशी आज बऱ्याच कुळांची स्थिती आहे. ती दोघं एकमेकांशी बोलतील अशी सोय करा.

कुळाला आधी दोन-तीन मुलं निवडायला सांगा. निवड कुळाने करायची, तुम्ही नाही. मुलाने एक तुकडा ऐकायचा, न लिहिता, आणि दुसऱ्या दिवशी मामाला फोनवर किंवा समोरासमोर परत सांगायचा. मामा दुरुस्त करेल. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, ध्वनिमुद्रण लावून 'बघा, आजोबा असं म्हणाले होते' असंही म्हणायचं नाही. मुद्रण हे मामाच्या हाती असलेलं साधन; त्याला हवं तेव्हा तो काढील. एक तुकडा बसला की पुढचा, आणि तोही मामा देईल तेव्हाच.

जागांची नावं मुलांना आधी द्या, घटना नंतर. ही सगळी बेटं ज्यांत येतात त्या कॅरोलाइन बेटांवर सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीत डॉल्फिनबाईचं शेपूट नवऱ्याने लपवलेलं असतं. ते सापडतं आणि ती समुद्रात परत जाते, मुलं मागे राहतात. ही गोष्ट मुलांना लगेच आवडते, पण आपल्या कुळाने डॉल्फिन का खाऊ नये हे त्यांना कळतं ते घरातल्या मोठ्या बाईने जेवताना ताट बाजूला सारून सांगितलं की.

*शेवटची तपासणी, सहा महिन्यांनी:* फोन करून मुलाला गोष्ट विचारू नका. मामाला विचारा, 'भाचा कुठपर्यंत आला?' त्याने थांबलेल्या जागेचं नाव सांगितलं, तर ते वहीत टप्पा चारच्या नोंदीखाली तारखेसह लिहा.